दहा रुपयांचा केसपेपर



या स्मृतिव्याख्यानाच्या व्यासपीठावरून आजवर डॉक्टर बोलले, प्राध्यापक बोलले. या वर्षी एखाद्या पेशंटनं बोलावं असं संयोजकांच्या मनात आलं आणि त्यांनी मला विचारलं. मी अठ्ठावीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. सरकारी रुग्णालय आणि विमा या आजच्या विषयावर बोलायला माझ्याजवळ दोन खाटांचा अनुभव आहे. २०१९ साली मी सरकारी रुग्णालयात एकोणीस दिवस होते आणि २०२२ साली खासगी रुग्णालयात चार दिवस. दोन्ही वेळा मेडिक्लेमचं कार्ड माझ्या पर्समध्ये होतं.

२०१९चा जुलै महिना होता. जिल्ह्याच्या गावी एसटी स्टँडच्या ओल्या फरशीवर माझा पाय घसरला आणि मांडीचं हाड मोडलं. एका रिक्षावाल्यानं आणि कॉलेजच्या दोन मुलींनी मला उचललं. कुठं न्यायचं हे त्यांनी मला विचारलं नाही. आपल्याकडे अशा वेळी तोंडात एकच नाव येतं, सिव्हिल. खिडकीवरच्या माणसानं नाव, वय आणि गाव विचारलं. केसपेपरचे दहा रुपये रिक्षावाल्यानंच भरले. आत सिस्टरनं विचारलं, "कुठं दुखतंय? चक्कर आली होती का? शेवटचं कधी खाल्लंय?" माझ्याजवळ काय आहे, हे त्या संध्याकाळी कुणीही विचारलं नाही. कळांच्या धुंदीत मला ते जाणवलंही नाही. तीन वर्षांनी दुसऱ्या दारात उभी राहिले तेव्हा ते आठवलं.

पुतण्या रात्री पोचला. तो म्हणाला, आत्या, इन्शुरन्स आहे, आपण हलवू. तिथले ऑर्थोपेडिकचे डॉक्टर म्हणाले, "हलवायचं तर हलवा. पण रक्त बरंच गेलंय. आणि असली मांडीची हाडं आम्ही दर आठवड्याला बसवतो." आम्ही राहिलो. आजही मी काठीशिवाय चालते, तेव्हा तो निर्णय चुकला असं मला म्हणता येणार नाही.

पण त्या एकोणीस दिवसांची किंमत सांगायला हवी, कारण सरकारी रुग्णालयाबद्दल कळकळीनं बोलणारे अनेकजण ती सांगत नाहीत. स्ट्रेचर ढकलायला माणूस मिळाला नाही, एक्स-रेपर्यंत पुतण्यानं ढकललं. माझ्या पायाला वजनं बांधून ठेवली होती म्हणून मला खाट मिळाली. मनगट मोडलेली शेजारची बाई जमिनीवरच्या गादीवर होती. ऑपरेशनच्या लिस्टमध्ये माझं नाव दोनदा लागलं आणि दोनदा मागं पडलं, कारण दोन्ही वेळा रस्त्यावरच्या अपघाताचे पेशंट आले. त्यांना आधी घेतलं हे योग्यच होतं. तरीही नऊ दिवस पाय टांगून पडून राहणं म्हणजे काय ते मला विचारा. हाडात घालायचा रॉड बाहेरून आणावा लागला. डॉक्टरांनी लिहिलेली चिठ्ठी घेऊन पुतण्या समोरच्या दुकानात जायचा, आणि अशा चिठ्ठ्या रोज निघायच्या.

आणि पडदा नव्हता. चाळीस बायकांच्या वॉर्डात पॅन घ्यायचा म्हणजे माझी वहिनी स्वतःच्या साडीचा पदर दोन्ही हातांनी ताणून धरायची. साठ वर्षांची मी, आयुष्यभर मुलांपुढं ताठ उभी राहिलेली बाई, त्या पदराआड डोळे मिटून घ्यायची. वहिनी एकोणीस दिवस खाटेखाली सतरंजी टाकून झोपली. घरची भात-लावणी तिच्यावाचून झाली, माणसं लावून झाली. हा खर्च कुठल्याच बिलावर येत नाही. सरकारी दवाखाना फुकट असतो असं आपण म्हणतो, पण तिथली फी आपण वेळेत, घरातल्या बाईच्या श्रमात आणि लाजेत भरतो.

ऑपरेशनच्या आधी रक्त तपासलं. बाँडवर आलेला एक तरुण डॉक्टर रिपोर्ट घेऊन खाटेपाशी आला. "मावशी, तुम्हाला शुगर आहे. माहीत होतं का?" मला माहीत नव्हतं. त्यानं केसपेपरवर निळ्या शाईत एक ओळ लिहिली, खाली सही केली, तारीख घातली. त्या ओळीकडे मी तेव्हा लक्ष दिलं नाही.

आता दुसरी खाट. २०२२ साली पित्ताशयात खडे निघाले, ऑपरेशन दुर्बिणीतून करायचं ठरलं. मी शहरातल्या एका खासगी रुग्णालयात गेले. स्वागतकक्षातल्या मुलीनं अतिशय नम्रपणे विचारलं, "इन्शुरन्स आहे का? कुठल्या कंपनीचा? सम इन्शुअर्ड किती?" मला काय होतंय हा प्रश्न त्यानंतर आला. त्या मुलीचा काही दोष नव्हता. तिला दिलेल्या फॉर्मवर रकाने त्याच क्रमानं छापलेले होते.

तिथं पडदा होता. किंबहुना माझी स्वतंत्र खोली होती, कोरडं आणि स्वच्छ स्वच्छतागृह होतं, बेल दाबली की दोन मिनिटांत सिस्टर येत होती. ठरल्या दिवशी ठरल्या वेळी ऑपरेशन झालं. माझ्याबरोबर कुणाला शेत सोडून यावं लागलं नाही. हे सगळं मला मनापासून आवडलं. विमा घेणाऱ्या माणसाला 'तुम्ही पैशाचा माज करता' म्हणून हिणवणाऱ्यांशी माझं जमत नाही. पॅन घेताना पडदा असावा, एवढीच मागणी त्यामागं असते.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी टीपीएच्या टेबलावरून निरोप आला, "क्वेरी आली आहे." विमा कंपनी आणि रुग्णालय यांच्या मधल्या संस्थेला टीपीए म्हणतात. घडलं होतं असं. भरती होताना मी पोटात कळा घेऊन वाकलेली होते. माहिती घेणाऱ्या डॉक्टरनं विचारलं, शुगर कधीपासून आहे? मी म्हणाले, झाली असतील सहा-सात वर्षं. त्यानं तसंच लिहून घेतलं. माझी पॉलिसी २०१७ची. सहा-सात वर्षं म्हणजे पॉलिसीच्या आधीपासून. म्हणजे मी मधुमेह लपवून विमा घेतला, असा त्याचा अर्थ लागत होता. पित्ताशयाच्या खड्यांचा क्लेम त्या एका वाक्यावर अडकला.

वर्गात मी मुलांना शिकवायची की बोललेला शब्द आणि लिहिलेला शब्द यांचं वजन वेगळं असतं. ते मला स्वतःला असं शिकायला लागेल अशी कल्पना नव्हती. सिव्हिलमध्ये मी डॉक्टरला जे सांगत होते ते फक्त डॉक्टरसाठी होतं. इथं मी डॉक्टरशी बोलताना नकळत कंपनीशीही बोलत होते.

कंपनीनं मागणी केली, मधुमेहाचं पहिलं निदान कधी झालं त्याचा कागद द्या. पुतण्यानं घरी जाऊन पत्र्याची ट्रंक उघडली. लाइटच्या बिलांखाली २०१९चा तो केसपेपर होता, दहा रुपयांचा. त्यावर निळ्या शाईतली ओळ होती, 'मधुमेह, नव्यानं निदान', सही आणि तारीख. पॉलिसीनंतर दोन वर्षांची तारीख. दुसऱ्या दिवशी मंजुरी आली.

खासगी खाटेवरचा माझा क्लेम सरकारी खाटेवरच्या कागदानं वाचवला. या गोष्टीचा मी पुष्कळ विचार केला आणि आज जे बोलतेय ते त्यातूनच आलं आहे.

तरीही बिल पूर्ण मिटलं नाही. ते एक लाख बत्तीस हजारांचं होतं, त्यातले एकतीस हजार मी भरले. कसे, ते सांगते, कारण तुमच्यापैकी पुष्कळांच्या पॉलिसीत हे कलम असेल. माझा विमा तीन लाखांचा. खोलीभाड्याची मर्यादा दिवसाला एक टक्का, म्हणजे तीन हजार. त्या दिवशी तीन हजारांची खोली शिल्लक नव्हती, साडेचार हजारांची घेतली. मला वाटलं, वरचे दीड हजार आपण भरू. पण भाड्याचा जेवढा हिस्सा मर्यादेबाहेर गेला त्याच प्रमाणात सर्जनची फी, भूलतज्ज्ञाची फी, शस्त्रक्रियागृहाचा खर्च, सगळ्यालाच एक तृतीयांश कात्री लागली. वर हातमोजे, मास्क असल्या वस्तू 'देय नाहीत' या यादीत. डॉक्टरांनी 'घरी जा' सकाळी दहाला सांगितलं, अंतिम मंजुरी यायला संध्याकाळचे सात वाजले. आता यासाठी नियम झाला आहे. विमा नियामकानं २०२४ साली सांगितलं की कॅशलेसच्या मागणीवर एका तासात निर्णय द्यायचा आणि घरी सोडतानाची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची. आधीच्या आजारांसाठी जास्तीत जास्त चार वर्षं थांबावं लागायचं, ते तीनवर आणलं. पाच वर्षं सलग हप्ते भरले असतील तर फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय माहिती लपवल्याच्या कारणावरून क्लेम नाकारता येत नाही. २०२५च्या सप्टेंबरपासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटीही गेला. हे चांगले बदल आहेत, आणि ते लोकांनी तक्रारी केल्या म्हणून झाले आहेत. हे वाक्य लक्षात ठेवा, मी पुन्हा इथं येणार आहे.

थोडं मागं जाऊ. स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षी, १९४६ साली, भोर समितीचा अहवाल आला. पैसे नाहीत म्हणून कुणी उपचारांवाचून राहू नये, हे त्याच्या मुळाशी होतं. गावापासून जिल्ह्यापर्यंत दवाखान्यांची उतरंड आपण उभारली ती त्या विचारातून. मुंबईत तर महापालिकेचं केईएम १९२६ पासून चालू होतं. १९६८ साली डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदयरोपणाचा प्रयत्न केला तो याच महापालिकेच्या रुग्णालयात. १९८६च्या ऑगस्टमध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बेबीचा जन्म झाला, तोही तिथंच. त्या काळी मुंबईचा वकील, कारकून आणि गिरणी कामगार एकाच ओपीडीच्या बाकावर बसत होते.

त्याच १९८६ साली सरकारी विमा कंपन्यांनी मेडिक्लेम पॉलिसी आणली. पुढं १९९९च्या कायद्यानं खासगी कंपन्यांना दार उघडलं. मग नोकरीबरोबर विमा आला, मॉलसारखी रुग्णालयं आली, आणि आम्ही मास्तर, बँकवाले, इंजिनिअर हळूहळू त्या बाकावरून उठलो. कुणी हाकललं नाही. आम्हाला वेळ वाचवायचा होता, पडदा हवा होता. पण आम्ही उठलो तेव्हा आमच्याबरोबर आणखी काहीतरी गेलं. औषध नाही म्हटल्यावर 'का नाही?' असं लेखी विचारणारा माणूस गेला. वर्तमानपत्रात पत्र लिहिणारा, नगरसेवकाला ओळखणारा, माहितीचा अधिकार वापरणारा माणूस गेला. रांग तेवढीच राहिली, फक्त तिचा आवाज बसला.

२०२३च्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय रुग्णालयात एका दिवसात चोवीस रुग्ण दगावले, त्यातली बारा नवजात बाळं होती. चर्चा औषधांच्या तुटवड्याची झाली, मनुष्यबळाची झाली. मी दिवसभर टीव्हीपुढं बसून होते. माझ्या मनात एकच येत होतं. त्या चोवीस घरांमधलं एक घर जरी आमच्या सोसायटीतलं असतं, तर आम्ही ते प्रकरण एका आठवड्यात विसरलो नसतो.

विमा कंपनीनं एक तासाचा नियम पाळला नाही तर आज आमचा व्हॉट्सअॅपचा गट पेटून उठतो. विमा लोकपालाकडे तक्रार कशी करायची हे आम्हाला पाठ आहे. हीच ताकद सिव्हिलच्या औषधांच्या खिडकीवर का नाही? आम्ही तिथले नाही असं आम्ही मानलं म्हणून. माझं सगळं म्हणणं इथं येऊन थांबतं. विमा घ्यावा, मीही घेतला आहे आणि या वर्षीही हप्ता भरला आहे. पण विमा घेतला म्हणजे सरकारी रुग्णालय आपलं राहिलं नाही, ही समजूत चुकीची आहे आणि जीवघेणी आहे.

कारण आपण सगळे तिथलेच आहोत. विंचू चावला तर? महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावरच्या उपचाराचं संशोधन सुरू केलं ते बिरवाडीच्या सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रात. ज्या दंशानं कोकणात शंभरातले चाळीस पेशंट जात, तिथं हे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आलं. विंचू चावलेल्या कातकऱ्याकडे कुठली पॉलिसी असणार? त्याच्यासाठी शोधलेला उपचार उद्या माझ्या नातवंडांनाही मिळेल. कुत्रा चावल्यावरची लस, क्षयाची औषधं, साथीत घरोघर फिरणारी आशाताई, हे सगळं सहसा विम्याच्या कागदात बसत नाही. नेहमीचा आरोग्य विमा बहुतेक करून भरती झाल्यावरच जागा होतो. रोजची शुगरची गोळी, ताप, खोकला, डोळ्यांचा नंबर, हे आपल्याच खिशातून जातं.

'सरकारनंच विमा दिला तर?' हा प्रश्न मला नेहमी विचारतात. आपल्या राज्यात २०१२ साली जीवनदायी योजना आली, ती आता महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे. केंद्राची आयुष्मान भारत २०१८ची, पाच लाखांची. २०२४च्या ऑक्टोबरपासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना, उत्पन्न न बघता, ती मिळते. माझ्या थोरल्या भावानं कार्ड काढलंय. या योजनांनी बायपास झालेले, डायलिसिस चालू असलेले लोक मी डोळ्यांनी पाहिले आहेत, त्यांना नावं ठेवायची माझी तयारी नाही. पण योजना ठरावीक शस्त्रक्रियांना पैसे देते. जिथं वीस कोसांत योजनेतलं रुग्णालयच नाही तिथं ते कार्ड पेटीतच राहतं. खाट, सिस्टर आणि शस्त्रक्रियागृह आधी कुणीतरी बांधलेलं असावं लागतं.

आकडे थोडेच देते. २०१७-१८च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत बाळंतपण सोडून एका भरतीचा सरासरी खर्च सरकारी रुग्णालयात ४,४५२ रुपये होता आणि खासगीत ३१,८४५. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या खासगी रुग्णालयांतल्या बाळंतपणांपैकी ४७.४ टक्के सिझेरियन होती, सरकारीत १४.३. सरकारीत काही गरजेची सिझेरियनंही होत नसतील, हे मला मान्य आहे. तरी निम्म्या बायकांचं पोट कापावं लागतं हे कुठलीही सुईण मान्य करणार नाही. बिल दुसरं कुणी भरणार असलं की पेशंटही विचारत नाही आणि डॉक्टरही थांबत नाही, हा विम्यातला धोका आहे. सरकारी खाटेवरचा धोका उलटा आहे, तिथं गरजेचंही लांबणीवर पडतं.

आणि दर ठरवता येत नाहीत असं कुणी म्हणालं तर कोविडच्या साथीतला २०२०चा मे महिना आठवा. राज्य सरकारनं खासगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटा ताब्यात घेतल्या आणि दर बांधले, साध्या वॉर्डला दिवसाला चार हजार, अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरशिवाय साडेसात हजार, व्हेंटिलेटरसह नऊ हजार. अंमलबजावणीत भोकं होती, पण हे करता येतं हे त्या काही महिन्यांत आपण पाहिलं. धर्मादाय रुग्णालयांत तर १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बलांसाठी सवलतीत ठेवण्याचं बंधन आजही आहे. आपल्या घरी धुणं-भांडी करणाऱ्या बाईला हे आपणच सांगायला हवं, तिला दुसरं कुणी सांगत नाही.

ज्या डॉक्टरांच्या नावानं हे व्याख्यान होतं, त्यांनी नोकरीची सगळी वर्षं सरकारी दवाखान्यात काढली. निवृत्तीनंतर स्वतः आजारी पडले तेव्हाही ते सरकारी रुग्णालयातच गेले, हे इथल्या जुन्या माणसांना माहीत आहे. मुलांनी खासगीचा आग्रह धरला होता. ते म्हणाले होते, मी तिथं पडून राहिलो तर निदान राऊंड वेळेवर होईल, बाकीच्या पेशंटांचं भलं होईल.

मला त्यांच्यासारखं करणं जमेल असं नाही. पुन्हा ऑपरेशनची वेळ आली तर पडद्याची खोली मलाही हवीशी वाटेल. पण शुगरच्या गोळ्या मी गेली तीन वर्षं सिव्हिलच्या खिडकीवरून घेते. आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क झाले आहेत, केसपेपरचे दहा रुपयेही आता लागत नाहीत. गोळ्या नसल्या तर मी नोंदवहीत लिहिते, तारीख घालते, आणि पुढच्या खेपेला त्या नोंदीचं काय झालं ते विचारते. पहिल्या वर्षी फार्मासिस्ट वैतागायचे. आता ते स्वतःच सांगतात, "बाई, वरती पत्र पाठवलंय, ही त्याची प्रत." महिलांच्या वॉर्डात गेल्या दिवाळीत पडदे लागले. निवृत्त शिक्षकांच्या आमच्या गटानं रुग्ण कल्याण समितीकडे चार अर्ज केले होते आणि कापडाचं मापही आम्हीच घेऊन दिलं होतं.

दर बुधवारी मी केसपेपरच्या खिडकीजवळच्या बाकावर बसते आणि ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे फॉर्म भरून देते. गेल्या बुधवारी एक आजोबा आले होते. सांध्याचं ऑपरेशन योजनेतून व्हायचं होतं, पण रेशनकार्डावर नाव 'ज्ञानू' आणि आधारवर 'ज्ञानदेव'. योजनेचं काम बघणारा आरोग्यमित्र भला मुलगा, पण त्याच्या मशीनला ज्ञानू आणि ज्ञानदेव एक आहेत हे कळेना. तहसीलला फोन झाले, प्रतिज्ञापत्र झालं, ओपीडीची वेळ संपली. आजोबा रात्री स्टँडवर झोपले आणि गुरुवारी पहिल्या नंबरला उभे राहिले. दुपारी मला फोटो आला, ऑपरेशनच्या यादीत तिसरं नाव त्यांचं होतं.

या बुधवारीही मी तिथं असेन. खिडकी उघडायच्या अर्धा तास आधी रांग लागते. ज्यांचं अक्षर बरं आहे आणि ज्यांच्याकडे एक सकाळ मोकळी आहे, त्यांना बाकावर जागा आहे. पेन मात्र घरून आणा, तिथलं पेन दोऱ्यानं बांधलेलं आहे आणि दोरी आखूड आहे.